मारितच्या घरचं तळण

रियाध,
४ ऑक्टोबर २०१३

ती. विद्याताईंना शिरसाष्टांग नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही ते न फोडताच बाजूला ठेवाल अशी धाकधूक आहे. फोडलंच असेल तर आधी एवढं वाचा, मी तुमच्या भावाची वकिली करायला बसलेली नाही. वर्ष झालं, तुम्ही त्यांचा फोन घेत नाही आणि माझाही घेत नाही. तो तुमचा राग आहे, मी त्याला हात लावत नाही. मला फक्त तळणीतली एक अडचण विचारायची आहे. लग्न होऊन मी आपल्याकडे आले तेव्हा मला साधा रवा भाजता येत नव्हता, आणि जे काय आलं ते तुमच्या हाताखाली आलं. आता दुसऱ्या कुणाला विचारायचं तर सुचत नाही.

आमच्या वसाहतीत चार दारं सोडून मारित नावाची नॉर्वेची बाई राहते. नवरा टेलिफोन कंपनीत, मुलं मोठी होऊन तिकडेच. आम्ही जानेवारीत या घरात आलो तेव्हा पहिल्या दिवशी हीच ताट घेऊन दारात उभी. ताटात त्यांच्या नाताळातले उरलेले तळलेले पदार्थ होते. दिसायला अगदी शंकरपाळी, पण मधोमध चीर पाडून एक टोक त्यातून ओढून काढलेलं. वर पिठीसाखर आणि वास चक्क वेलदोड्याचा! त्याला ते फात्तिमान म्हणतात, म्हणजे गरीब माणूस. सहा अंड्यांचे बलक आणि साय घालून केलेल्या वस्तूला हे नाव का, विचारलं, तर म्हणाली की करणारा गरीब होतो म्हणून.

ऑगस्टमध्ये मारितची आई गेली. मारित तिकडे जाऊन आली, आणि परवा बोलता बोलता म्हणाली, "या डिसेंबरला माझ्याच्याने हे व्हायचं नाही." मला लगेच उमगलं. दुःखाच्या वर्षात घरात तळण काढायचं नाही, हे त्यांच्यातही असणार. म्हणून मी ठरवलंय की तिच्या सणाचा डबा माझ्या घरून जाईल, आपल्याकडे शेजारी करतात तसा. तिला सांगितलेलं नाही. तिच्या नवऱ्याकडून कृती तेवढी गुपचूप उतरवून घेतली.

काल करून पाहिलं. पीठ, बलक, साखर, साय, वेलदोडा. कृतीत चमचाभर ब्रँडी आहे, ती या देशात कुठली, म्हणून गाळली. तुम्ही शिकवलंत तसं मोहन घातलं आणि मंद आचेवर तळलं. सगळी तेल पिऊन बसली आणि उचलताना झाऱ्यावर मोडली. शर्विल आता नववीत आहे. त्याने एक तोंडात टाकलं आणि म्हणाला, "मम्मा, इट्स जस्ट शंकरपाळी विथ अ प्रॉब्लेम."

काय चुकलं ते कळवाल का? तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा, सांगावासा वाटला तर.

तुमची
अनुराधा

चिपळूण,
२६ ऑक्टोबर २०१३

चि. सौ. अनुराधा हिस आशीर्वाद.

पत्र फोडलं. पाच दिवस टेबलावर पडून होतं. सासूबाईंनी "कुणाचं गं?" म्हणून तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा फोडलं.

अंड्याला मी हात लावत नाही हे तुला माहीत आहे, तरी मलाच विचारतेस. ठीक आहे. पंचवीस वर्षं मुलींना विज्ञान शिकवते आहे, त्या जोरावर सांगते. बलकात आणि सायीत स्निग्धांश भरपूर असतो. त्यावर तू मोहन ओतलंस म्हणजे आधीच जेवलेल्याला पंगतीत बसवलंस. मोहन अजिबात नको. ब्रँडी चवीसाठी नसावी. ती तेलात पडल्याबरोबर वाफ होऊन बाहेर येते आणि तेलाला आत शिरू देत नाही, असा माझा तर्क. तिच्या जागी चमचाभर व्हिनेगर घाल. आणि मंद आच शंकरपाळ्याला, कारण तो जाड असतो. हे पातळ लाटून कडकडीत तेलात घाल, मिनिटा-दोन मिनिटांत बाहेर काढ. पीठ रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं होतंस का? नसशील. तुला पहिल्यापासून धीर नाही.

दुःखाच्या घरी डबा पोचवायचा असतो हे तुला माहीत आहे, हे वाचून बरं वाटलं.

सासूबाईंची प्रकृती बरी आहे. गुडघे दुखतात. शर्विलला आशीर्वाद.

विद्या

रियाध,
१० नोव्हेंबर २०१३

ती. विद्याताई, सा. न.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते स्वयंपाकघरात चिकटवून ठेवलं, फक्त तळणीचा भाग वर येईल असं दुमडून. दुःखाच्या घरच्या डब्याचं वाक्य मात्र दुमडलं तरी मला दिसतंच. ते मी ऐकून घेतलं, ताई. उत्तर देत नाही.

या वेळी व्हिनेगर घातलं, मोहन नाही, पीठ रात्रभर फ्रीजमध्ये. (धीर आहे मला!) करंजीचं कातणं घेऊन चौकोन कापले. मारितकडेही असंच कातणं आहे, पितळी, तिच्या आजीचं. तेल आता पीत नाहीत, पण कडक झाले, दात पडायचं लक्षण. पीठ जास्त झालं की जास्त मळलं गेलं, कळत नाही. मी कणकेसारखं चांगलं पंधरा मिनिटं मळलं होतं.

दिवाळी शांत झाली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच इथली मुहलत संपली. तुम्ही पेपरात वाचलं असेल, ज्यांचे कागद सरळ नाहीत त्यांनी ते सरळ करून घ्यावेत किंवा देश सोडावा, अशी मुदत सरकारने दिली होती. दुसऱ्या दिवसापासून तपासणी. आमच्या गल्लीतला भाजीवाला दिसत नाही, शाळेच्या बसला ड्रायव्हर नाही, निम्मी दुकानं बंद. आमची काळजी करू नका. यांची नवी कंपनी सरकारच्या हिरव्या यादीत आहे आणि इकामे, म्हणजे इथे राहण्याचे परवाने, सगळे नवे आहेत.

याच्या खालची एक ओळ मी खोडली आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नका. शर्विल हाका मारत होता, हात चुकला.

मारित संध्याकाळी फिरायला निघते तेव्हा मी खिडकी लावून घेते, तळणीचा वास तिच्यापर्यंत जाऊ नये म्हणून. बिचारी एकटीच फिरते. पण डबा हातात ठेवीन तेव्हा तिचा चेहरा कसा होईल, ते डोळ्यांपुढे आणून हुरूप येतो.

तुमची
अनुराधा

चिपळूण,
२४ नोव्हेंबर २०१३

चि. सौ. अनुराधा,

कणकेसारखं मळलंस म्हणूनच कडक झालं. जेमतेम गोळा होईल इतकंच एकत्र करायचं आणि सोडून द्यायचं.

हे मी आता खात्रीने सांगते, कारण प्रयोग झाला आहे. आमच्या शाळेत उर्दू शिकवणाऱ्या नूरुन्निसाबाई आहेत, त्यांच्या घरी अंडं चालतं. त्यांना तुझी कृती दिली. त्यांनी रविवारी करून सोमवारी शिक्षकखोलीत डबा आणला. तास व्हायच्या आत डबा रिकामा. मी वासावर समाधान मानलं. नूरुन्निसाबाईंचा निरोप असा, की चीर फार मोठी पाडू नकोस आणि एका वेळी चार-पाचच घाल, नाहीतर तेल थंड पडतं. आणखी एक. एकटीने करू नकोस म्हणाल्या. एकीने टोकं ओढून द्यावी, दुसरीने तळावं. ओढून ठेवलेली तशीच पडली तर वाळतात.

मी स्वतः करून पाहिलं असतं, पण दोन दिवाळ्या आमच्या घरात कढई ठेवलेली नाही. वर्षाचा नियम पहिल्या दिवाळीपुरताच होता. दुसऱ्या दिवाळीला माझा हात उचलला नाही, इतकंच.

आता तुझी खोडलेली ओळ. मी चाळीस वर्षं खोडलेली उत्तरं वाचत आले आहे, आधी स्वतःची आणि मग मुलींची. कागद खिडकीशी धरला. "गेल्या वर्षी ही तपासणी झाली असती तर आम्हीच" इथपर्यंत वाचता येतं, पुढचं नाही.

तेव्हा सरळ विचारते. हे गेले तेव्हा श्रीपादने फोनवर सांगितलं की ऑफिसात ऑडिट आहे, रजा मिळत नाही. बहिणीचा नवरा गेला तर रजा मागतात का? कळवून निघतात. मी त्याला म्हटलं, मग येऊच नकोस कधी. तो आला नाही. आई-बाबा नाहीत, माझं माहेर म्हणजे तुम्ही दोघं. ते ऑडिट खरं होतं का? एवढंच उत्तर दे. पदार्थाबद्दल नंतर लिहिलंस तरी चालेल.

विद्या

रियाध,
२७ डिसेंबर २०१३

ती. विद्याताई, सा. न.

तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर द्यायला उशीर केला, कारण द्यायचं की नाही हेच ठरत नव्हतं. परवा मारितच्या घरी जे झालं त्यामुळे ठरलं. म्हणून आधी तेच सांगते.

नूरुन्निसाबाईंचं सगळं ऐकलं, फक्त दुसरी बाई कुठून आणणार? गुपित होतं ना. शर्विलला टोकं ओढायला बसवलं, त्याने दहा ओढली आणि "खलास, माय फिंगर्स आर डेड" म्हणून उठला. बाकी मी एकटीने केलं. छान झाले, ताई. हलके, फुगलेले, तोंडात ठेवताच विरघळणारे. २३ तारखेला दुपारी डबा घेऊन तिच्या दारात गेले.

तिने झाकण उघडलं. मग एक उचलून खाल्लं. मग खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. मला आधी वाटलं, आनंदाने रडते आहे. पण ते तसलं रडणं नव्हतं. मी घाबरून विचारलं, काही चुकलं का? तेव्हा हळूहळू तिने सांगितलं.

त्यांच्यात असा काही नियमच नाही. उलट घरात माणूस गेलं की त्या वर्षी हे केलंच पाहिजे. तिचे वडील गेले तेव्हा ती सोळा वर्षांची होती. आईने तिला सकाळी हाक मारली, दोघी ओट्यापाशी उभ्या राहिल्या, आई तळायची आणि ही टोकं ओढायची. दिवसभर बोलणं एक अक्षर नाही, पण तो दिवस निघाला म्हणाली. त्यानंतर दर डिसेंबरला कुठूनही ती आईकडे जायची किंवा आई इथे यायची, फक्त यासाठी. "माझ्याच्याने होणार नाही" म्हणाली ते एकटीने होणार नाही अशा अर्थाने. तिला वाटलं होतं, मी विचारीन, येऊ का मदतीला म्हणून. मी विचारलं नाही. उलट मी तिला टाळते आहे, खिडक्या लावून घेते आहे, हे तिच्या लक्षात आलं होतं. आई गेलेल्या बाईचं तोंड बघायला नको म्हणून मी असं करते, असं तिने मनाशी धरलं होतं.

ताई, मी तिथे बसल्या बसल्या शरमेने मेले. अडीच महिने मी तिच्या दुःखाला जपत होते आणि ती चार दारांवर एकटी बसून होती. एकदा दार वाजवून विचारायला काय झालं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा घाट घातला, तिच्या ओट्यावर. ती टोकं ओढत होती आणि मी तळत होते. आम्हीही फारसं बोललो नाही.

घरी येऊन मी यांना म्हटलं, मी ताईंना सगळं लिहिणार. ते म्हणाले, "तू शपथ घेतली आहेस." मी म्हटलं, घेतली होती, आता मोडते.

ऑडिट खोटं होतं.

इथे गेल्या दोन-तीन वर्षांत कंपन्यांना रंग लागले आहेत. ज्या कंपनीत पुरेसे सौदी लोक कामाला नाहीत ती लाल. लाल कंपनीतल्या परदेशी माणसांचे इकामे नवे होत नाहीत. यांची जुनी कंपनी लाल झाली. आमचे इकामे २०१२ च्या जुलैमध्ये संपले. इकामा नाही तर देशाबाहेर जाऊन परत यायचा व्हिसा नाही. बँकेतलं खातं बंद पडलं, शर्विलच्या शाळेने नाव काढायची नोटीस दिली, ताप आला तरी दवाखान्यात जायची चोरी. पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे आमच्या इथल्या जामीनदार मालकाच्या, कपाटात. सप्टेंबरात तुमच्याकडून भाऊजींची बातमी आली तेव्हा हे तीन दिवस त्याच्या ऑफिसच्या जिन्यात बसून होते. तिसऱ्या दिवशी त्याने सांगितलं की त्याच्या हातात काही नाही. खरंच नव्हतं.

हे घरी येऊन जमिनीवर बसले आणि म्हणाले, "ताईवर एवढं कोसळलंय, त्यात माझं रडगाणं कुठे सांगू? ती माझी काळजी करत बसेल." मग त्यांनी तुम्हाला फोन लावला आणि ते ऑडिटचं सांगितलं. तुम्ही "येऊ नकोस" म्हणालात ते मला बाजूला बसून ऐकू आलं.

आणि तुमच्याकडे न आलेला डबा. तोही सांगते. त्या दिवाळीला आमच्या ओळखीचे जमालुद्दीनभाई रत्नागिरीला सुट्टीवर निघाले होते, जाताना चिपळूणला उतरून डबा देतो म्हणाले. मी पीठसुद्धा भिजवलं होतं. पण ते बोलके माणूस. आमची दशा त्यांना ठाऊक होती, तुमच्या दारात उभं राहून त्यांनी सगळं सांगून टाकलं असतं. म्हणून यांनी नको म्हटलं आणि मी ऐकलं. तेव्हा ऐकायला नको होतं.

डिसेंबरात नवी नोकरी लागली, जानेवारीत या घरात आलो. पण नव्या नोकरीत पहिलं वर्षभर रजा नाही, आणि तुम्ही फोन घेत नव्हता. पहिली रजा आता फेब्रुवारीत आहे. हे तिकीट काढायला धजत नाहीत. तुम्ही दार उघडाल की नाही, हे त्यांना माहीत नाही. मलाही नाही.

तुमची
अनुराधा

चिपळूण,
११ जानेवारी २०१४

चि. श्रीपाद,

हे पत्र तुला आहे. अनुराधाला वेगळं लिहीन. तिने शपथ मोडली हे फार चांगलं केलं, तिला त्यावरून एक शब्द बोलू नकोस.

पत्र वाचून दोन दिवस मी चिडलेली होते. आधी होते त्याहून जास्त. तू आला नाहीस हे मी आज क्षणात माफ करते, त्यात माफ करण्यासारखं काही नव्हतंच. पण तू जिन्यात बसलास हे मला कळू दिलं नाहीस. मला माझी काळजी करायची होती म्हणून नव्हे, तुझी करायची होती म्हणून कळायला हवं होतं. बाबा गेले तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास, तुझी काळजी करत मी तो काळ काढला. या वेळीही तसाच निघाला असता. सोळा महिने मी समजत होते की माझ्या माहेरी कुणी उरलेलं नाही. हे तू माझ्याशी फार वाईट वागलास, श्रीपाद. समोर आलास की पुन्हा एकदा म्हणणार आहे, तेव्हा ऐकून घ्यावं लागेल.

आता माझंही एक सांगते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

त्या दिवाळीला आमच्याकडे अकरा घरांतून डबे आले. सासूबाई रोज सकाळी विचारायच्या, "श्रीपादकडून आला का गं?" दुःखाच्या घरी पहिला डबा माहेरचा, असं त्यांचं ठाम. त्यांचा मुलगा गेलेला, मी त्यांना काय सांगणार? आणि तुझ्याबद्दल त्या गल्लीत काही बोलल्या असत्या तर ते मला सहन झालं नसतं. तुझ्यावर मी इतकी संतापलेली होते, तरी सहन झालं नसतं. धनत्रयोदशीला शाळेत काम आहे सांगून मी एसटीने खेडला गेले, जिथे मला कुणी ओळखत नाही. दुकानातून चकल्या, करंज्या, बेसनाचे लाडू घेतले. नवा स्टीलचा डबा घेतला. दुकानाचं नाव असलेले कागद स्टँडवरच टाकले. तू पूर्वी खजूर पाठवला होतास ती अरबी अक्षरांची पिशवी मी बरोबर नेली होती, तिच्यात डबा ठेवला आणि घरी आले.

सासूबाईंना सांगितलं, रियाधहून आलेला एक माणूस शाळेत देऊन गेला. असा माणूस खरोखरच त्या आठवड्यात चिपळूणवरून गेला होता, हे आता अनुराधाच्या पत्रातून कळलं.

फेब्रुवारीचं तिकीट काढ. तिघं या. मी कढई ठेवणार आहे, अनुराधाला म्हणावं टोकं ओढायला बस, बलकाशिवाय काय जमतं ते बघू.

एकच सांगणं आहे. सासूबाईंनी त्या डब्यातली चकली कुस्करून दुधात भिजवून खाल्ली आणि तेव्हापासून सगळ्या गल्लीला सांगतात की परदेशात राहून माझ्या भावजयीच्या हाताला चव आहे, आणि विद्याच्या भावाने आठवण ठेवली. तू आलास की त्या तुझा हात धरून हेच पुन्हा म्हणतील. तेव्हा मान खाली घालू नकोस, माझ्याकडेही बघू नकोस. "हो आई, ठेवली," एवढं म्हण.

तुझी
ताई